न हटणाऱ्या तापासाठी कोल्हापुरातली इन्फेक्शनच्या डॉक्टरांची ओपीडी: ५ पैकी ४ स्टार

आमच्या आबांना (वडील) ताप सुटत नव्हता म्हणून इथं गेलो, आणि खरं सांगतो कोल्हापुरात असला डॉक्टर असतो हेच लय जणांना माहीत नाही म्हणून लिहितोय. हार्टचा, किडनीचा डॉक्टर सगळ्यांना माहीत असतो, पण इन्फेक्शनचा स्पेशालिस्ट म्हटलं की लोक विचारतात म्हणजे नक्की कशाचा?

आधी दुसरीकडं विडाल (टायफॉइडची रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड धरून सलाईन आणि सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं चालू होती, ताप काय हलंना, वर प्लेटलेट पण खाली यायला लागल्या. इथं आल्यावर डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा विचारलं, "मामा, जनावरं किती? वैरणीला कुठं जाता?" मग आबांना आतल्या खोलीत नेऊन कपडे काढून काख, जांघ, कमरेचा करगोटा बांधतो तिथली जागा सगळं बघितलं, आणि करगोट्याखालीच सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली निघाली, दुखत नाही खाजत नाही म्हणून आबांनी कुणाला दाखवलीच नव्हती. स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लांच्या चाव्यातून होतो, आणि याचे जंतू आपल्या पेशींच्या आत लपून राहतात म्हणून ती महागडी इंजेक्शनं तिथं लागूच पडत नाहीत. यावर साधी डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन), १०० ची गोळी दोन वेळा. टेस्टला रक्त पाठवलं पण रिपोर्टची वाट न बघता गोळी लगेच चालू केली, कारण उशीर झाला तर फुप्फुस किडनीवर जातं म्हणाले. दोन दिवसात ताप उतरला की हो! नाद खुळा माणूस.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे डॉक्टर शिकवतात पण. शेजारी शिकणारी पोरं उभी असतात, त्यांना प्रत्येक पेशंटपाशी विचारतात की अँटिबायोटिक का चालू केलं, कधी बंद करणार, कल्चरचं (जंतू वाढवून बघायच्या टेस्टचं) रक्त औषधाच्या आधी घेतलं का नंतर. काही जणांना पोरांसमोर तपासून घ्यायला ऑकवर्ड वाटेल, पण आधी विचारतात, नको म्हटलं तर पोरं बाहेर थांबतात. मला तर वाटतं त्या प्रश्नांमुळंच आमची केस नीट बघितली गेली.

माझी पुतणी नीटची तयारी करतेय, तिनं धीर करून विचारलं की हे व्हायला काय करावं लागतं. गर्दी असून डॉक्टरांनी नीट सांगितलं, एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमडी मेडिसिन तीन, मग इन्फेक्शियस डिसीजचं डीएम (एमडीच्या वरची डिग्री) अजून तीन, आणि मधल्या प्रवेश परीक्षा वेगळ्याच. दिल्लीचं एम्स, वेल्लोरचं सीएमसी अशा थोड्याच ठिकाणी जागा आहेत. ऑपरेशन नाही, स्कोपी (दुर्बिणीची तपासणी) नाही, दिवसभर विचार करायचा आणि निम्म्या वेळा दुसऱ्यानं चालू केलेलं औषध बंद करायचं, म्हणून या लाईनला कमी जण येतात. हे ऐकल्यावर फी जास्त वाटली नाही बघा. इथं यंत्राचे पैसे नाहीत, डोक्याचे आहेत.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. अपॉइंटमेंट घेऊन पण बराच वेळ बसावं लागतं, कारण आतल्या पेशंटला घाई करत नाहीत. लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसाला तापात जिना चढवणं अवघड जातं, याचं कायतरी करायलाच पाहिजे. आणि "एक इंजेक्शन ठोका डॉक्टर" म्हणणाऱ्यांना इथं इंजेक्शन मिळत नाही, व्हायरल ताप असला तर पॅरासिटॅमॉल देऊन पाणी प्या सांगून परत पाठवतात, आमच्या समोरच एकाला पाठवलं.

पुराच्या पाण्यात वावरलेल्यांनी, ऊसतोड किंवा गोठ्यात काम करणाऱ्यांनी ताप आला तर हे काम आधी सांगा, लेप्टोचा (उंदीर, जनावरांच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्या-चिखलातनं होणारा ताप) विचार त्यावरनंच होतो. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि खाल्लेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा घेऊन जावा, पहिल्यांदा तेच मागतात.