दंत महाविद्यालयाची ओपीडी : डाग माझा, तपासणी आत्याबाईंचीही

खालच्या दाढेशेजारी हिरडीवर निळसर-काळा ठिपका दिसला. मुगाच्या दाण्याएवढा; दुखत नाही, खुपत नाही. आधी घराजवळच्या एका चकाचक दवाखान्यात गेले. दोन मिनिटं बघून ‘पिगमेंटेशन’ म्हणाले आणि लेझरने हिरड्या गुलाबी करायचं १२ हजारांचं पॅकेज पुढे केलं. ठिपका कशाचा, ते कुणी बोलेना. माझ्या हिरड्या जन्मापासून सावळ्याच आहेत, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नव्हती.

म्हणून दंत महाविद्यालयाचा ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाचे आजार तपासणारा विभाग गाठला. सोबतीला आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई. साडेनऊला केसपेपर काढला, खुर्चीत बसायला सव्वाबारा वाजले.

पण बसल्यावर मात्र घाई नाही. इंटर्न मुलीने तोंड उघडायला सांगण्याआधी प्रश्नच विचारले. सांधेदुखीसाठी मी एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्या) घेते म्हटल्यावर तिने आधी टाळूवर टॉर्च मारला. या गोळ्यांनी तिथे निळसर-करडा रंग चढू शकतो म्हणे. वजन उतरलंय का, थकवा येतो का, अंग काळवंडलंय का, हेही विचारलं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी मंदावल्या की तोंडात काळे डाग येऊ शकतात, हे मला तिथेच कळलं.

मग तिने ठिपक्यावर काचपट्टी दाबली. रक्तवाहिन्यांचा डाग असता तर दाबल्यावर फिका पडला असता. माझा जसाच्या तसा.

“इथे चांदी कधी भरलीत?”

१९९८ मध्ये. आपण चांदी म्हणतो, पण ते चांदी, कथील आणि तांबं पाऱ्यात कालवलेलं मिश्रण. भरताना किंवा डॉक्टर ते घासून गुळगुळीत करताना त्याचे कण हिरडीत शिरतात आणि गोंदल्यासारखे तिथेच राहतात. छोट्या एक्स-रेत दाढेखाली मीठ सांडल्यागत पांढरे ठिपके स्पष्ट दिसले. मोठ्या सरांनी येऊन बघितलं, शेजारी पट्टी धरून फोटो काढला. कापाकापी नाही. सहा महिन्यांनी दाखवा, वाढला किंवा रंग बदलला तर लगेच या.

मी उठले, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आजी, तुम्हीपण बसा की.”

“मला काय धाड भरलीय?” तरी बसल्या.

खालचा ओठ ओढला तर आत पांढरट, सुरकुतलेली कातडी. फार वेळ भांडी घासल्यावर बोटांची होते ना, तशी. गॉजने पुसून बघितलं. बुरशीचा थर असता तर बहुतेक निघून आला असता. हा निघेना.

“तंबाखू खाता?”

“छ्या! मशेरी लावते नुसती.”

“आणि तव्यावर काय भाजता, आजी?”

“तंबाखू.” मग गप्प.

दोन आठवडे मशेरी बंद, डाग राहिला तर तुकडा काढून तपासायचा, असं ठरलं. तुमच्या काळ्यापेक्षा यांच्या पांढऱ्याची काळजी जास्त, असं सरांनी मला तोंडावर सांगितलं. मी घाबरून इतक्या लांब आले होते आणि बाई चाळीस वर्षं निवांत होत्या!

पाचपैकी चार तारे. केसपेपर आणि एक्स-रे मिळून दीडशेच्या आत भागलं. एक तारा कापला तो लिफ्टसाठी: विभाग दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेची पावती तळमजल्यावर आणि लिफ्ट बंद. आत्याबाईंचे गुडघे त्या मुलीने तपासले नाहीत, एवढंच. पाट्याही सगळ्या इंग्रजीत. दीडला जेवणाची सुट्टी होते, तेव्हा सकाळी लवकरच जा.

पंधरा दिवसांनी परत गेलो. डाग बराच फिका झालाय, पण उजवा कोपरा तसाच. त्या कोपऱ्याचा तुकडा मंगळवारी काढला, एकच टाका पडला. रिपोर्ट यायचाय. मशेरीचा तवा सध्या माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये.