दुसऱ्या अफगाण युद्धाचा अल्बम: फोटो अव्वल, मजकूर तोकडा

न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीकडचा ब्रिटिश आणि अफगाण यांच्यातल्या दुसऱ्या अफगाण युद्धाचा (१८७८–८०) फोटो अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. नोंदणीची कटकट नाही. पूर्वी तो वर्ल्ड डिजिटल लायब्ररीत होता. ते संकेतस्थळ २०२१ मध्ये इथे सामावलं गेलं, म्हणून जुन्या संदर्भांत ते नाव दिसतं. साधारण एक तृतीयांश फोटो जॉन बर्कचे, तेवढेच सर बेंजामिन सिम्प्सनचे, बाकीचे इतरांचे. काहींच्या फोटोग्राफरचा पत्ताच नाही.

खरी मजा फोटो मोठा करून बघण्यात आहे. हे अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे फोटो आहेत आणि त्या काळी असे प्रिंट एन्लार्ज करत नसत. काचेची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उन्हात छापायचे, त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो आणि तपशील भरपूर. खैबरमधल्या अली मशीदसारख्या दृश्यात झूम करून डोंगरउतार बोटाने चाळावा. आधी नुसता खडक वाटलेल्या जागी तंबूंच्या रांगा, पायवाटा, दगडी आडोसे दिसू लागतात.

लढाई मात्र यात शोधू नका. तेव्हाची पद्धतच तशी: काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि दहा-पंधरा मिनिटांत अंधाऱ्या तंबूत डेव्हलप करायची. एक्सपोजर अनेकदा काही सेकंदांचं. एवढ्या वेळात घोड्याने मान हलवली की तिथे धुरकट डाग येतो. म्हणून सगळे खिळल्यासारखे उभे. कंदाहारजवळच्या मैवंदला (२७ जुलै १८८०) ब्रिटिशांच्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणींची जी दाणादाण उडाली, तसल्या धुमश्चक्रीचा फोटो या तंत्राने निघणंच शक्य नव्हतं. रणांगण दिसलं, तरी ते नंतर टिपलेलं.

रंगांबाबतही फसगत होते. ही ओली काच, म्हणजे प्लेट, निळ्या प्रकाशाला फार आणि लाल रंगाला जवळपास अजिबात दाद देत नाही. म्हणून आकाश कोरं पांढरं आणि लाल डगला काळपट. गणवेशाच्या छटेवरून पलटण ओळखायला जाल तर हमखास चुकाल.

ब्रिटिश-अफगाण तह जिथे झाला त्या गंदमकचा बर्कने काढलेला फोटो पाचच माणसांचा, पण त्यावर वेळ घालवावा. मधोमध अमीर याकूब खान, एका बाजूला ब्रिटिश अधिकारी कॅव्हेग्नारी आणि जेन्किन्स, दुसऱ्या बाजूला अमीराकडचे दाऊद शाह आणि हबीबुल्ला. तह २६ मे १८७९ ला झाला आणि ३ सप्टेंबरला काबूलच्या रेसिडेन्सीवर (ब्रिटिश वकिलातीवर) हल्ला होऊन कॅव्हेग्नारी आणि जेन्किन्स दोघेही मारले गेले. पुढे बर्कने बाला हिसार या काबूलच्या किल्ल्यातल्या त्या रेसिडेन्सीच्या पडझडीचेही फोटो काढले. एकाच फोटोग्राफरचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून बघता येतात. माझ्या मते अल्बमची हीच सर्वांत भक्कम बाजू.

मजकुराचं तसं नाही. फोटोपुरती माहिती दोन-चार ओळींची आणि त्याखाली युद्धाचा तोच ठोकळेबाज परिच्छेद दर वेळी. वर्णनं सात भाषांत आहेत, पण त्यांत आपली एकही भारतीय भाषा नाही. शोधताना इंग्रजी स्पेलिंग बदलून बघा. जमरूद, कंदाहार, गंदमक ही नावं त्या काळात वाटेल तशी लिहिली जात. मथळ्यावर सरसकट विश्वास नको. प्रिंटमध्येच पांढऱ्या अक्षरांत नंबर उमटला असेल, तर तो निगेटिव्हवर शाईने उलटा लिहिलेला, म्हणजे मूळ छपाईच्या वेळचा. खालच्या पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेली ओळ अल्बम जुळवणाऱ्याचीही असू शकते. दोन्ही जुळत नसतील तर आधी नंबराचा माग काढावा.

छापून लावायचा असेल तर यादीतली सर्वांत मोठी फाइल घ्या. लांब बाजू ३००० पिक्सेल असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १० इंच मिळतात, त्यापुढे ताणू नका. ऑटो-करेक्शन बंद ठेवा. अल्ब्युमेन पिवळा पडतो आणि उजळ भागातले तपशील आधी पुसट होतात, तेव्हा सॉफ्टवेअरने पिवळेपणा काढायला गेलात की लांबचे कडे आकाशात विरून जातात. कॉन्ट्रास्ट हातानेच, थोडा थोडा वाढवा. कडेचे ओघळ आणि उडालेला थरही कापून टाकू नका, ओल्या प्लेटची ओळख त्यावरूनच पटते.