कन्व्हर्टरची चाचणी: बडोद्यात की अमेरिकेत पोहोचल्यावर?

बडोद्याहून अमेरिकेत मुलांकडे जाताना घरचा मिक्सर नेणाऱ्यांना तेथील 120 व्होल्टचे 230 व्होल्ट करणारा स्टेप-अप कन्व्हर्टर लागतो. तो येथेच तपासावा की तेथे पोहोचल्यावर, हा प्रश्न उरतो. (ज्या चार्जरवर 100–240 व्होल्ट असे छापलेले असते, त्याला केवळ प्लगचा ॲडॅप्टर पुरतो.)

तेथे तपासणे सोपे आहे, कारण विजेचा खरा दाब (व्होल्टेज) आणि खरी 60 हर्ट्झची वारंवारता हाताशी असते. मात्र कन्व्हर्टर सदोष निघाला, तर तो बदलून देणारा दुकानदार बडोद्यातच राहिलेला असतो.

येथील चाचणी कटकटीची, तरीही मला तीच अधिक पटते. कन्व्हर्टर घरच्या सॉकेटला थेट जोडणे धोक्याचे आहे, कारण 230 व्होल्ट आत गेल्यास बाहेर 440च्या आसपास दाब निर्माण होऊ शकतो. म्हणून मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या जाणकाराकडून व्हेरिॲकवर (विजेचा दाब हवा तसा कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) 120 व्होल्ट लावून घ्यावेत. भार, म्हणजे वीज ओढणारे काही, न जोडता घेतलेले मापन फसवे असते. कन्व्हर्टरच्या क्षमतेत बसतील असे, मिक्सरच्या वॅटइतके जुने पिवळे बल्ब जोडून तो अर्धा तास चालवावा आणि दाब किती उतरतो, जळका वास येतो का, हे पाहावे. आपल्याकडील 50 हर्ट्झवर कन्व्हर्टरमधील ट्रान्सफॉर्मरचा गाभा 60 हर्ट्झपेक्षा अधिक ताण सोसतो, त्यामुळे ही परीक्षा किंचित कडकच ठरते. केवळ 60 हर्ट्झसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरवर मात्र ती करू नये.