ओजीएल, ऑर्क की सीसी-बाय? पहिलं अ‍ॅडव्हेंचर विकायला काढण्याआधी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या (डी अँड डी) रोलप्लेइंग खेळात आपल्या टेबलावर रंगलेलं अ‍ॅडव्हेंचर नीट लिहून काढलं, आता पीडीएफ करून विकायचं, इथवर आलात की दुसऱ्याच्या खेळाचे नियम कोणत्या परवान्याखाली वापरायचे हा प्रश्न दारात उभा असतो. या वाटेने मी दोनदा गेलोय, एकदा डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स कंपनीचा ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल १.०ए घेऊन आणि एकदा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय या, श्रेय दिलं की वापरू देणाऱ्या परवान्याच्या आधाराने. तिसरा परवाना, ऑर्क, मी स्वतः वापरलेला नाही, पण मित्राच्या पुस्तकाची पानं लावताना तो चांगला दोनदा वाचावा लागला. त्याबद्दलचं माझं मत थोडं उसनं आहे, हे धरून चाला. आणि मी वकील नाही, हेही.

दोन फाटे आधीच बाजूला काढू. तुमची गोष्ट फरगॉटन रेल्म्स या डी अँड डीच्या काल्पनिक जगात घडत असेल आणि तिथली माणसं, शहरं हवीच असतील, तर डीएम्स गिल्ड ही विक्रीची साइट गाठा. निम्मे पैसे तुमचे, आणि तिथे टाकलेलं दुसरीकडे विकता येत नाही. मान्य असेल तर प्रश्न संपला. तुम्ही पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या रीमास्टर (सुधारित) नियमांवर लिहीत असाल तर तो खेळ ऑर्कखालीच आहे, तिथेही निवडीला जागा नाही. खरा घोळ डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीवर (फाइव्ह-ई) लिहिणाऱ्यांचा आणि स्वतःची सिस्टिम रचणाऱ्यांचा.

ओजीएलवर राग धरायचं सगळ्यांना ठाऊक असलेलं कारण म्हणजे जानेवारी २०२३. नव्या परवान्याचा मसुदा फुटला, त्यात साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्के रॉयल्टी होती आणि जुना परवाना अमान्य ठरवायची भाषा होती. ओरड एवढी झाली की २७ जानेवारीला विझार्ड्सने जुन्या परवान्याला हात न लावण्याचं जाहीर केलं, वर एसआरडी ५.१, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज, सीसी-बाय ४.० खाली मोकळं केलं. २००० सालच्या त्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आहे, ‘मागे घेता न येणारा’ हा नाही. भीती त्या फटीतून आत आली. मुद्दा खराच आहे.

पण खरं सांगायचं तर माझं मन त्याआधीच उडालं होतं, आणि कारण फार क्षुल्लक होतं: हायलायटर.

ओजीएलखाली पुस्तक काढायचं तर त्यातला कुठला मजकूर ओपन गेम कंटेंट (इतरांना वापरायला मोकळा) आणि कुठला तुमचा राखीव, हे स्पष्ट दाखवावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं. नियम मोकळे, गोष्ट आपली. माझ्या ३२ पानी अ‍ॅडव्हेंचरमध्ये कर्झा नावाची दलदलीतली चेटकीण होती. तिच्या स्टॅट ब्लॉकमधलं (तिचे आकडे आणि नियम देणाऱ्या चौकटीतलं) हे एक वाक्य बघा: ‘कर्झाची नजर पडली की १३ चा विस्डम सेव्ह; फसला तर त्या पात्राला आपल्या मेलेल्या आईची हाक ऐकू येते आणि पुढच्या टर्नपर्यंत ते जागचं हलत नाही.’ १३ चा सेव्ह, म्हणजे बचावाच्या फाशाचा नियम, मोकळा, ठीक. कर्झा हे नाव राखीव, तेही ठीक. आणि आईची हाक? ती नियमात आहे की गोष्टीत? राखीव म्हटली तर माझा मॉन्स्टर उचलणाऱ्याच्या हाती बिनचेहऱ्याचा ‘हलत नाही’ एवढाच उरतो. मोकळी म्हटली तर अख्ख्या अ‍ॅडव्हेंचरचा प्राण असलेली कल्पना मी वाटून टाकली. चार संध्याकाळी मी प्रिंटआउटवर पिवळं-हिरवं करत बसलो होतो. शेवटी कंटाळून सगळ्यांसारखंच एक वाक्य टाकलं, ‘सर्व नावे, स्थळे आणि कथानक राखीव, उर्वरित ओपन’. ते वाचून कुणाला काय कळलं असेल, देव जाणे.

त्यात भर कलम १५ ची. ज्याच्याकडून मजकूर घेतला त्याची कॉपीराइट नोंद जशीच्या तशी उतरवायची, आणि त्याने ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याही. मी एका छोट्या प्रकाशकाच्या पुस्तकातला एक सापळा घेतला होता, त्याने तो आणखी कुठून घेतलेला. त्याच्या यादीत एक नाव सुटलेलं, म्हणून माझ्याही यादीत सुटलं. एका वाचकाने सौजन्याने कळवलं, मी दुरुस्त फाइल चढवली. कुणी अंगावर आलं नाही, पण विकल्या गेलेल्या प्रती तशाच राहिल्या आणि ते अजून सलतं.

ऑर्क हा हायलायटर काढून घेतो, हे त्याचं श्रेय. नियमांचा भाग आपोआप मोकळा, गोष्ट-नावं-चित्रं आपोआप राखीव. विभागणी परवान्याच्या व्याख्येतच केलेली. मागे घेता येत नाही, आणि तो कुणा एका खेळाच्या कंपनीच्या मालकीचाही नाही. माझ्या मित्राला याच गोष्टी आवडल्या. मला खटकलं ते असं की आईच्या हाकेचा प्रश्न सुटत नाही, फक्त माझ्या हातातून व्याख्येच्या हातात जातो. शिवाय तुम्ही नवीन रचलेला नियमही मोकळा होतोच, नको म्हणायची सोय नाही. देवाणघेवाण चालू राहावी म्हणून ते मुद्दामच तसं केलंय, आणि स्वतःची सिस्टिम लोकांनी पुढे वाढवावी अशी इच्छा असणाऱ्याला मी आजही ऑर्कच सुचवेन. बहुधा.

सीसी-बायबद्दल एक गैरसमज सारखा भेटतो: एसआरडी सीसीखाली आहे, म्हणजे माझं पुस्तकही सीसीखाली द्यावं लागणार. नाही लागत. बायमध्ये ‘जसं घेतलं तसंच पुढे द्या’ ही अट नाही. ती सीसीच्या शेअर-अलाइक या वेगळ्या प्रकारात असते. एसआरडीत दिलेली श्रेयाची ओळ जशीच्या तशी छापा, विझार्ड्सचं दुसरं श्रेय देऊ नका असं ते स्वतःच म्हणतात, आणि बाकी पुस्तक तुमचं. ‘फाइव्ह-ई कम्पॅटिबल’ लिहायलाही त्यांची ना नाही. ओजीएलमध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी सुसंगत असल्याचं म्हणता येत नव्हतं, म्हणून आपण सगळे ‘जगातल्या सर्वांत लोकप्रिय रोलप्लेइंग गेमसाठी’ असलं आडवळणाचं लिहायचो. २०२५ मध्ये आलेलं एसआरडी ५.२ तर फक्त सीसी-बायखालीच आहे, त्यामुळे नव्या नियमांवर लिहिणाऱ्याला ओजीएलचा रस्ता तसाही बंद.

उणी बाजू आहेच. सीसीच्या वाटेने परत काही येत नाही; तुमच्यावर बेतून कुणी बंद पुस्तक काढलं तर बोलायला तोंड नाही. तुमचं अख्खं पुस्तकच सीसीखाली सोडलंत तर चेटकीणही गेली आणि आईची हाकही. त्यावर उपाय म्हणजे मोकळे करायचे नियम वेगळ्या छोट्या दस्तऐवजात काढणं. ब्लेड्स इन द डार्क या खेळाने सीसी-बायखाली तसंच केलंय. आणि दुसऱ्यांच्या जुन्या पुस्तकांतले मॉन्स्टर हवे असतील तर ती बहुतेक ओजीएलखालीच आहेत, तिथे कलम १५ पासून सुटका नाही. मी या वेळी दुसऱ्या कुणाचं काही घेतलंच नाही, म्हणून मला ते सोपं गेलं, हे कबूल.

दुसऱ्या पुस्तकाच्या परवान्याच्या पानावर एकच परिच्छेद आहे, तोही नकलून चिकटवलेला. कर्झा त्यात परत आलीय, आईच्या हाकेसकट, आणि प्रिंटआउटवर या वेळी फक्त शुद्धलेखनाच्या खुणा होत्या.