न मोजता केलेली दुरुस्ती : एका डिझेल गॅरेजच्या सेवेचे परीक्षण

कॉमन रेल (एका सामायिक नळीतून सर्व सिलिंडरांना उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) डिझेल इंजिनांच्या कामात आपला हातखंडा असल्याचे सांगणाऱ्या एका गॅरेजमध्ये मी माझी गाडी दुरुस्तीला दिली होती. चढावर गाडी ओढत नाही आणि वेग घेताना काळा धूर सोडते, एवढीच तक्रार होती. गॅरेज नीटनेटके आहे, माणसे सभ्य आहेत, गाडी ठरल्या वेळी हातात मिळते. तरीही डिझेलच्या कामासाठी मी ही सेवा कोणालाही सुचवणार नाही. तेथील कारागिरांना पाना धरता येत नाही असे मुळीच नाही. मोजून पाहण्याचा मात्र त्यांना कंटाळा आहे, आणि पुढच्या सगळ्या चुका त्या कंटाळ्यातून झाल्या.

मुख्य मेकॅनिकने बॉनेट उघडून आवाज ऐकला, ॲक्सिलरेटर दाबायला लावून धूर पाहिला आणि चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, गेल्याचे जाहीर केले. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, हे खरे. परंतु डिझेल जादा गेल्याने जसा तो येतो, तसाच हवा कमी पडल्यानेही येतो. यांपैकी नेमके काय घडते आहे हे ठरवणे अवघड नसते. इंजेक्टरांमधून उरलेले डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न नळ्या सोडवून प्रत्येकीखाली मापाची बाटली लावायची, इंजिन काही वेळ चालू ठेवायचे आणि एखाद्या बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल जमते का ते पाहायचे. शिवाय गाडी ओझ्यावर चालवताना टर्बोकडून (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून) अपेक्षित असलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळणारा दाब स्कॅनरवर शेजारी शेजारी वाचायचे. स्कॅनर तेथे होता. त्याचा उपयोग एरर कोड पुसण्यापुरता झाला, आणि ते कोड कोणते होते याची नोंद जॉब कार्डवर नाही.

इंजेक्टर बदलले गेले. इंजेक्टरच्या टोकाशी बसणारे कॉपर वॉशर ज्वलनकक्षातला वायू रोखून धरते. आवळताना ते तांबे दबून बैठकीच्या आकाराचे होते, म्हणून एकदा सुटलेले वॉशर पुन्हा वापरायचे नसते. या गॅरेजने बदललेल्या इंजेक्टरांखाली जुनीच वॉशर घातली आणि बैठकीवरचा कार्बनही साफ केला नाही. काही दिवसांतच इंजिन सुरू केल्यावर फस्‌-फस्‌ असा एका लयीतला आवाज येऊ लागला आणि केबिनमध्ये धुराचा वास भरू लागला. वरचे प्लास्टिकचे आवरण काढले, तर तिसऱ्या इंजेक्टरच्या भोवती डांबरासारखा काळाकुट्ट थर चढलेला, कडेने अजून चिकट आणि मध्ये दगडासारखा टणक. निसटणारा वायू काजळी आणि न जळलेले डिझेल बाहेर आणतो, ते तेथेच भाजून घट्ट होते, आणि असा थर बराच काळ राहिला तर इंजेक्टर हेडमध्येच (सिलिंडरांवरच्या झाकणात) अडकून बसतो. हे सारे एका किरकोळ वॉशरसाठी!

दुसरी चूक डोळ्यांना दिसणारी नव्हती. माझ्या इंजिनाच्या प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड कोरलेला असतो. तो इंजेक्टर प्रत्यक्षात किती इंधन सोडतो, त्यात कारखान्यातील चाचणीत आढळलेला सूक्ष्म फरक त्या कोडमध्ये नोंदलेला असतो. नवा इंजेक्टर बसवल्यावर हा कोड ईसीयूमध्ये (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) भरावा लागतो, नाही तर ईसीयू जुन्याच इंजेक्टरांच्या हिशेबाने इंधन देत राहतो. माझ्या गाडीत चारही कोड जुनेच राहिले होते, आणि इंजिन आयडलवर अडखळत टकटक करत होते. विचारणा केल्यावर, नवीन पार्ट सेट व्हायला वेळ लागतो, असे उत्तर मिळाले. गॅरेजमध्ये हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा गाडीमालक विरळाच.

स्वच्छतेबद्दलही लिहिणे भाग आहे. अशा इंजिनांच्या रेलमधील दाब पूर्ण भारावर १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक असतो, आणि इंजेक्टरची छिद्रे केसाच्या जाडीच्या आसपासची असतात. तेथे धुळीचा एक कणही पुरेसा होतो. असे असताना सोडवलेल्या इंधननळ्यांची तोंडे टोपण न लावता रात्रभर उघडी ठेवलेली मी पाहिली, आणि शेजारीच एक कारागीर ग्राइंडर चालवत होता. त्याच दिवशी दुसऱ्या एका गाडीचे हेड उतरवले होते. पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किती वर येतो हे डायल गेजने मोजून त्यानुसार हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसणाऱ्या पातळ थराची) जाडी निवडायची असते; येथे फक्त गाडीचे मॉडेल सांगून गॅस्केट मागवले गेले.

तक्रार घेऊन परत गेलो तेव्हा टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला. टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला आहे का, या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी नकार देऊन गाडी दुसरीकडे नेली. तेथे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला, क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या बाजूने चीर सापडली. इंजिन आयडलवर असताना ती मिटलेली असे. दाब वाढला की उघडे. हवा मोजणारा सेन्सर त्या चिरेच्या आधी असल्यामुळे निसटून गेलेल्या हवेच्या वाट्याचेही डिझेल इंजिनात पडत होते. धूर त्याचाच होता, आणि ओढ त्यामुळेच कमी झाली होती. नळी बदलली, नवी वॉशर घालून कोड भरले, आणि गाडी पूर्ववत झाली.

पहिल्या गॅरेजकडे मी जुने इंजेक्टर परत मागितले असता ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. त्यामुळे ते खरोखर खराब झाले होते का, हे आता टेस्ट बेंचवर तपासता येणार नाही. माझी खरी नाराजी यावर आहे. पाचपैकी दोन तारे देतो, तेही वेळ पाळल्याबद्दल आणि त्याच खेपेला केलेले ब्रेकचे काम निर्दोष निघाल्याबद्दल. ब्रेक, क्लच किंवा ऑइल बदलण्यासाठी तेथे जाण्यास हरकत नाही. इंधनाच्या कामाला हात लावू देणार असाल, तर रिटर्न चाचणीचे आकडे, नव्या वॉशरची बिलातील ओळ आणि ईसीयूमध्ये भरलेले कोड लेखी मागून घ्यावेत, आणि जुने भाग पिशवीत घालून गाडीतच ठेवायला सांगावे.