‘गाववाला’ भेटला आणि २,८४० रुपये गेले : मुंबई विमानतळावरचा अनुभव

दिल्लीहून साडेदहाला उतरणारं आमचं विमान मुंबईच्या डोक्यावर पाऊण तास घिरट्या घालत बसलं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं आणि गर्दीच्या वेळी वर आभाळात रांग लागते. खिडकीतून तोच दिव्यांचा पट्टा तीनदा बघून झाला. उतरलो तर एरोब्रिज मोकळा नाही, म्हणून बस. बेल्टवर बॅगा यायला आणखी चाळीस मिनिटं. टर्मिनल दोनच्या (टी-२) बाहेर पाऊल ठेवलं तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

हे सगळं रडगाणं अशासाठी की, मी फसलो तो बाहेर आल्यावर नाही. फसायची तयारी या दोन तासांत झाली होती. फसवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. तो गाडी विकत नाही, रांगेतून सुटका विकतो.

बरोबर बाबा. वय ७४, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दादरला मावशीकडे पाठ टेकायची आणि सकाळी कोल्हापूरची गाडी पकडायची, एवढाच बेत. दिवसा उतरलो असतो तर खालून मेट्रो-३ थेट दादरला जाते. मध्यरात्री ती बंद. ॲपवर गाडी लावली. पहिल्या ड्रायव्हरनं फोन करून विचारलं, “कहाँ जाना है? कॅश या ऑनलाइन?” दादर ऐकलं आणि रद्द केली. दुसऱ्यानं फोनचेही कष्ट घेतले नाहीत. तिसरी गाडी १९ मिनिटांवर होती, ती दहा मिनिटांनी २२ मिनिटांवर गेली. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीपुढची रांग खांबाला वळसा घालून गेलेली.

“बाबा, बसा की हितं जरा,” म्हणून मी त्यांना ट्रॉलीच्या कडेवर टेकवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“पाव्हणं, कोल्हापूरचं काय?”

पांढरा शर्ट, गळ्यात पट्ट्याला ओळखपत्र (उलटं लटकलेलं, हे नंतर आठवलं), वय तिशीचं. म्हणाला, मी गडहिंग्लजचा. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मुंबईत मध्यरात्री आपल्या बोलीतलं कोणी भेटलं की अर्धा विश्वास तिथंच बसतो, उरलेला अर्धा थकवा बसवतो. त्याला गडहिंग्लज माहीत होतं की नाही देव जाणे. माझं ‘हितं’ मात्र त्यानं बरोबर ऐकलं होतं.

“ॲपचा सर्व्हर डाऊन हाय दादा. माझी गाडी ॲपलाच लागलीया. त्याच भाड्यात सोडतो, काकांस्नी उभं करू नका.” फोन पुढं केला. तेच रंग, तसाच नकाशा, सहार (म्हणजे हाच विमानतळ) ते दादर, ६१२ रुपये. मी माझं बुकिंग रद्द केलं.

बॅगा त्यानंच ढकलत पार्किंगमध्ये नेल्या. गाडी पांढरी सेडान. नंबरप्लेटही पांढरी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, हे मला शाळेतल्या पोराइतकं माहीत आहे. दिव्याखाली ती पांढरी पाटी मी बघितली, ‘हं’ म्हटलं आणि आत बसलो. स्टिअरिंगवर दुसराच माणूस. गाववाला काच वाजवून “जावा सावकाश” म्हणाला आणि गेला. ओटीपी कोणी विचारला नाही. माझ्या फोनवर या प्रवासाची कुठलीही नोंद नाही, म्हणजे त्या क्षणी आम्ही दोघं एका अनोळखी माणसाच्या खासगी गाडीत होतो. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा एसीचं गार वारं लागत होतं.

रस्ता मोकळा होता. दादरला मावसभाऊ खाली उभाच होता, तो बाबांना लिफ्टनं वर घेऊन गेला. मी पैसे द्यायला मागे राहिलो.

ड्रायव्हरनं फोन माझ्यापुढं धरला. २,८४० रुपये. खाली ओळीनं फोड: अंतर ३१.४ किलोमीटर, वेटिंग ४२ मिनिटं, नाईट चार्ज डबल, पार्किंग, टोल. त्याच पडद्यावर वर नकाशा होता आणि गाडीचा निळा ठिपका अजून सहारलाच होता. इकडे आम्ही दादरला उभे. तो नकाशा नव्हताच, नकाशाचं चित्र होतं. ठिपका मला दिसला होता. डोक्यात शिरला दुसऱ्या दिवशी.

“सहाशे बारा ठरलं होतं.”

“वो एस्टिमेट था सर. बिल सिस्टीम से आता है.”

त्यानं आवाज चढवला नाही, दमदाटी केली नाही. फक्त डिकी उघडली नाही. आत आमच्या दोन्ही बॅगा, एकीत बाबांची औषधं. रात्रीचा सव्वा वाजलेला, गल्लीत एक कुत्रं सोडलं तर कोणी नाही. मी पाच मिनिटं घासाघीस केली आणि क्यूआर कोड स्कॅन केला. पैसे गेले कुठल्याशा जनरल स्टोअर्सच्या नावावर. टॅक्सीच्या भाड्याला किराणा दुकान! तरीही मी पिन टाकला.

सकाळी शांत डोक्यानं हिशोब मांडला. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. टी-२ ते दादर साधारण १३ किलोमीटर, म्हणजे २६९ रुपये. मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळेत २५ टक्के जास्त. डबल नाही, पंचवीस टक्के. झाले ३३६. प्रीपेडला याहून जास्त पडले असते, पण २,८४०च्या जवळपासही नाही. आणि टोल? त्या रस्त्यावर टोलनाकाच नाही. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवरसुद्धा हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. त्याला बहुतेक माहीत असावं की बाहेरगावचा माणूस ‘टोल’ शब्दाला वाद घालत नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर फोन केला, तिथं त्यांनी यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक घेतला. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला: गाडीचा नंबर? माझ्याकडे नव्हता. पांढरी गाडी, पांढरी पाटी आणि गडहिंग्लजचा म्हणवणारा एक माणूस, एवढीच माझी माहिती. अर्ज लिहिताना लाज वाटली. बसण्याआधी मागच्या पाटीचा एक फोटो काढला असता तर अर्जात काहीतरी लिहिता आलं असतं. कदाचित फोटो काढतोय म्हटल्यावर त्यानंच आम्हाला बसवून घेतलं नसतं.

तुम्ही रात्री तिथं उतरणार असाल तर एवढं बघा: ॲपची गाडी असेल तर तिचा नंबर, ओटीपी आणि बिल तुमच्या फोनवर येतं. दुसऱ्याच्या फोनवर दाखवतात ते बिल नव्हे. आणि दारापाशी कोणी आपणहून जवळ येऊन गाव विचारलं, तर दुसरंच कुठलंतरी गाव सांगा आणि तो तिथलाही निघतो का ते बघा. प्रीपेडची ती रांग नंतर मी मनात मोजली: फार तर पंचवीस माणसं होती.

तक्रार अजून तशीच आहे, पैसे आलेले नाहीत. बाबांना मी भाडं आठशे रुपये झालं असं सांगितलंय. “आठशे?” म्हणाले, “गाववाला म्हणून कमी तरी करायचं की रं त्यानं.”