कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमधलं छोटं दुकान, लई भारी अनुभव

पोलिओमुळं माझा डावा पाय दोन नंबरनं लहान, चप्पल घ्यायला गेलं की लोक आधी पायाकडं बघतात मग तोंडाकडं, एका दुकानात तर पोरगा दुसऱ्याला कोपरानं ढोसून दाखवत होता, मी तशीच बाहेर आले. इथं मामांनी खाली बसून कागदावर दोन्ही पाय पेन्सिलनं आखले, "ताई, अंगठा टोचतोय का?" एवढंच विचारलं, कसं झालं कधी झालं काय नाय. शेजारच्या काकू टक लावून बघत होत्या, मी सरळ "पोलिओ आहे काकू" म्हटलं, त्या आपल्या चपला बघायला लागल्या. दोन मापांचा जोड मिळाला, डाव्याला मागनं पट्टा, चपलेचे कान (बाजूच्या चामड्याच्या पट्ट्या) घट्ट. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (ही त्या भागाचीच खास वस्तू, अशी सरकारी नोंद) मिळालं ते अशा हातांमुळंच. फक्त आठ दिवस सांगून पंधरा लावले.